बाहीवरचं खेचर

मुनीर सरांच्या हातात कुणीही कागद दिला की ते आधी तो उलटा करून खिडकीशी धरत. मग तो मुलाचं चित्र असो, हेडमास्तरांची नोटीस असो, नाहीतर कुणाच्या लग्नाची पत्रिका. मागच्या बाजूनं, उजेडातून, एक डोळा बारीक करून बघायचं आणि मगच सुलट करून वाचायचं. मी सिल्लोडहून बदलून औरंगाबादच्या त्या शाळेत मराठी शिकवायला आले, तेव्हा माझ्या बदलीचा हुकूमही त्यांनी तसाच खिडकीशी धरला. मला वाटलं, माणूस जरा सटकलेला दिसतोय. आठवडाभरात खात्री पटली. आणि वर्षभरात अशी पाळी आली की त्यांना कुणी सटकलेले म्हटलं तर मी भांडायला उठत असे.

सर आमच्याकडे चित्रकला शिकवत. शाळा छावणीला लागून होती, त्यामुळे निम्मी मुलं फौजी लोकांची आणि निम्मी आसपासच्या वस्त्यांतली. सर अगदी काडीपैलवान. उन्हाळा-हिवाळा अंगात एकच करडा कोट, डोक्यावर काळी टोपी आणि उजव्या कानावर कुंचला. कानावरचा तो कुंचला ते शाळाभर शोधत फिरत आणि आमची मुलं इतकी गुणी की एकही सांगत नसे. मी सांगितलं की म्हणत, "काय करू बाई, कानाला त्याची सवय झालीय. कानच मला सांगत नाही."

त्यांना वेड होतं ते चिन्हांचं. आगपेटीवरचं, साबणाच्या वडीवरचं, पोलिसाच्या पट्ट्यावरचं, कुठलंही चालत असे. बाजारात एखादा जवान दिसला की सर त्याच्या तोंडाकडे न बघता टोपीकडे आणि बाहीकडे बघत. एकदा शहागंजात एका उंच शीख जवानाच्या पगडीवरचा बिल्ला बघायला ते टाचा उंच करून इतके जवळ गेले की त्यानं चिडून विचारलं, क्या चाहिये. सर म्हणाले, "कुछ नहीं सरदारजी, आपके शेर की दुम देखनी थी." तो बिचारा खाली वाकला आणि सरांनी भर रस्त्यात निवांत शेपूट बघून घेतली. मी पिशवी घेऊन शेजारीच उभी होते. मी यांना ओळखत नाही, असा चेहरा करण्याचा प्रयत्न करत होते.

"चिन्हानं बडबड करू नये, बाई," ते म्हणायचे. "लांबून, धुरळ्यातून, थकल्या माणसाला ओळखू आलं म्हणजे झालं." आणि दुसरा नियम याहून कडक होता. जनावराचं तोंड पुढं. ढालीवर असो, झेंड्यावर असो की बाहीवर, माणूस चालतो त्याच दिशेला जनावरानं बघितलं पाहिजे. "मागं बघणारं जनावर पळत असतं," ते सांगत. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई, जणू कुणाच्या घरची लाजिरवाणी गोष्ट सांगतायत.

ते हिमरू, म्हणजे रेशीम-सुताचं नक्षीदार कापड, विणणाऱ्यांच्या घरातले. नवाबपुऱ्यात त्यांचं जुनं घर होतं आणि घरात माग होता. त्यांच्या मागावर कापडाची उलटी बाजू वर राही आणि सुलटी खाली. विणणारा दिवसभर उलटंच बघत बसे आणि सुलटं काय उमटतंय ते मनात ठेवे. वडिलांनी दोन्ही मुलांना लहानपणी हेच शिकवलं होतं. कागद उलटा धरायची सरांची खोड तिथली. थोरला भाऊ मागावर बसला. त्याला सगळे बडेमियाँ म्हणत. धाकट्याचा हात चित्राचा, म्हणून तो निजामाच्या फौजेच्या एका दफ्तरात नक्षीकाम करायला लागला. फलक, बिल्ले, झेंडे यांच्यावरची चिन्हं काढायची, हे त्याचं काम.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि निजामाचं राज्य गेलं. दफ्तराच्या पाट्यांवर निजामाची पगडी रंगवलेली होती, ती पुसून तिथं सिंह काढायचा हुकूम आला. पगडी ज्यानं काढली होती त्यालाच ती पुसायला सांगितली गेली. सरांनी पुसली. "मी नसती पुसली तर दुसऱ्या कुणी खरवडून काढली असती, बाई," त्यांनी मला एकदाच सांगितलं. "मी पाण्यानं हळूहळू पुसली. मग त्याच हातानं सिंह काढला. चांगला काढला. उगाच कशाला खोटं बोलू, मन लावून काढला."

बडेमियाँना हे कळलं. त्यांचं हिमरू ज्या बड्या घरांत जायचं ती घरं रातोरात उतरणीला लागली होती. माग कसाबसा चालत होता आणि त्यात सख्ख्या भावानं पगडी पुसली. त्या दिवसापासून ते सरांशी बोलेनासे झाले. घर एक, आंगण एक, रोटी एका तव्यावरची, पण बोलणं बंद. आता एका घरात राहून न बोलता कसं भागणार? तर बडेमियाँ बकरीशी बोलत. सफेदा नावाची त्यांची एक बकरी आंगणात बांधलेली असे. सर समोर दाढी करत बसलेले असताना बडेमियाँ तिला सांगत, "सफेदा, उसकू बोल, छत टपक री है." सर आरशात बघत म्हणत, "सफेदा, भाईजानकू बोल, इतवारकू देखता हूँ." सरांच्या बायकोनं, सकीनाभाभींनी, हे मला सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले. त्याही हसत होत्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि मग मलाही हसू येईना.

पुढं सर दफ्तर सोडून शाळेत लागले. मी तिथं आले तेव्हा या अबोल्याला दहा-बारा वर्षं झाली होती. सरांना दुसरं काही नको होतं. पगार नाही, बढती नाही. भाईजाननं एकदा 'मुनीर' म्हणून हाक मारावी, एवढंच. ते असं बोलून दाखवत नसत. पण स्टाफरूममध्ये कुणी कुणाला नावानं हाक मारली की ते मान वर करून बघत.

सरांचा वर्गातला एक आवडता धडा होता. दरवर्षी पाचवीच्या मुलांना ते आपापल्या घराचा बिल्ला काढायला लावत. एका ढालीत आपलं घर ओळखू आलं पाहिजे, अक्षर काढायचं नाही. अक्षर काढलं की लोक ते वाचतात आणि चित्र बघतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. परटाच्या मुलानं इस्त्री काढली. एका पोरीनं फक्त एक मोठं कुलूप काढलं. तिचे आईवडील दोघंही गिरणीत कामाला जायचे. सरांनी त्या कुलपाला सगळ्यांत जास्त गुण दिले. एका बड्या वकिलाच्या मुलानं आयाळीचा सिंह काढला, तर सर गंभीरपणे म्हणाले, "घरी सिंह पाळलाय का? मग काय आहे घरी?" मुलगा विचार करून म्हणाला, "मांजर आहे." "मग मांजर काढ. तिला किती बरं वाटेल."

त्याच वर्गात सुभेदार सोनवण्यांची मुलगी होती. तिनं खेचर काढलं. पाठीवर ओझं घेतलेलं, कान टवकारलेलं, तिरकं पण जिवंत. सुभेदार मूळचे सोयगावकडचे, आणि छावणीत खेचरांवरून रसद वाहणारी जी पलटण होती तिच्यात होते. दुसऱ्या दिवशी ते ते चित्र घेऊन शाळेतच आले.

"मास्तर, माझ्या पोरीनं काढलं, व्हय ह्ये? लई भारी. आमच्या पलटणीला बाहीवर लावायला निशाणी पायजे. कप्तानसायबांनी कागद काळे करून ठिवले, पण जमंना. तुमी काढून द्या."

कप्तानसाहेबांना घोडा हवा होता. शिवाय वर दोन तलवारी, मागं वीज, खाली कमळ आणि एक ब्रीदवाक्य. सरांनी ऐकून घेतलं आणि अदबीनं म्हणाले, "साहब, ढाल एक है. यात सगळा बाजार मावायचा नाही." मग ते आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर खेचरांच्या तबेल्यात जाऊन बसले. सुभेदार त्यांना खेचराचं गुणगान ऐकवत: "आई घोडी, बाप गाढव, पण कामाला दोघांच्या वरताण. घोडा बिचकतो. ह्ये बिचकत नाय. अडलं तर अडलं, पण पळत नाय."

सरांनी जे काढलं ते मी पाहिलंय. हिरव्या ढालीवर पांढरं खेचर. पाठीवर ओझं, पुढचा एक पाय उचललेला, आणि खाली दौलताबादच्या डोंगराची काळी रेघ, चढत जाणारी. बस. कप्तानसाहेबांनी चित्र उचलून बघितलं. "घोडा नाही?" त्यांनी विचारलं. सर म्हणाले, "घोडा दिखाने का होता है, साहब. ये पहुँचाने का है. पाठीवर ओझं आहे ना, म्हणून ते पळत नाही, चालतंय." कप्तानसाहेबांनी चित्र पास केलं. ब्रीदवाक्य गेलं, तलवारी गेल्या, कमळ गेलं.

आणि मग सरांनी मनातलं सांगितलं. बिल्ले विणून हवे असतील तर घरी माग आहे. हिमरूला आता गिऱ्हाईक नाही, पण हात अजून तसाच आहे. कप्तानसाहेब हो म्हणाले. त्या दिवशी सर स्टाफरूममध्ये आले ते उभेच राहिले. "भाईजानच्या मागावर फौजेचं काम," ते म्हणाले आणि चहा थंड होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.

आता विणायचं ठरलं, पण बोलणं तर बंद. सरांनी मागासाठी मोठं चित्र काढून भाभींच्या हाती दिलं. भाभींनी नेऊन बडेमियाँना सांगितलं की हे साहेबांनी पास केलेलं चित्र आहे. बडेमियाँनी ते उलटं करून खिडकीशी धरलं, मान हलवली आणि सफेदाला म्हणाले, "ठीक है." एवढ्यावर काम सुरू झालं. महिना गेला. मागाची खटखट गल्लीत पुन्हा ऐकू येऊ लागली, तर शेजारपाजारचे लोक दारात येऊन उभे राहत.

विणलेलं सगळं कापड एकदमच मागावरून उतरायचं होतं त्या दिवशी सरांनी मला मुद्दाम बोलावलं. मोठ्या इन्स्पेक्शनच्या परेडला सगळी पलटण हे बिल्ले लावून उभी राहणार होती. भाभींनी शेवया केल्या होत्या. मी ओसरीवर बसले होते. बडेमियाँनी कापड मागावरून सोडवलं, सुलटं केलं, झटकलं. एका रांगेत किती तरी खेचरं, एकसारखी, देखणी. त्यांनी कात्रीनं एक बिल्ला कापला. तो बाहीवर कसा दिसतो ते बघायला बाही हवी. समोर सर उभे होते. बडेमियाँ पुढं झाले आणि न बोलता त्यांनी तो सरांच्या करड्या कोटाच्या डाव्या बाहीवर धरला.

खेचराचं तोंड सरांच्या पाठीकडे होतं.

बडेमियाँचा हात तसाच राहिला. मग ते अगदी हळू म्हणाले, "मुनीर, उल्टा हो गया रे."

सरांनी आधी बाहीकडे बघितलं नाही. ते भावाच्या तोंडाकडे बघत होते. 'मुनीर' हा शब्द त्यांना पोचला होता, पुढचे शब्द पोचायला वेळ लागला. मग त्यांनी मान वळवून बाही बघितली.

झालं होतं असं की दोघांनीही एकमेकांची काळजी घेतली होती. मागावर उलटी बाजू वर येणार म्हणून सरांनी घरच्या रिवाजानं चित्र आधीच उलटं काढून दिलं होतं, भाईजानला त्रास नको. बडेमियाँना वाटलं, साहेबानं पास केलेलं चित्र म्हणजे सुलटंच असणार, आणि धाकटा आता शाळामास्तर, त्याला मागाचं कुठलं लक्षात राहायला? म्हणून त्यांनी मागाचा नक्शा, म्हणजे नक्षीच्या दोऱ्यांचा साचा, बांधताना ते गुपचूप फिरवून घेतलं. दोनदा उलटलेलं खेचर शेवटी मागं तोंड करून चालायला लागलं. एक अक्षर जरी ढालीवर असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. एक शब्द जरी बोलले असते तरीही.

"मेरी गलती है," सर म्हणाले.

"तेरी कायकू? मैं पूछा क्या तेरेकू?"

"मैं बोला क्या आपकू?"

"बडा कौन है? गलती मेरी है."

दोघं भाऊ आंगणात उभे राहून एका चुकीसाठी भांडत होते आणि मधे सफेदा कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे बघत होती. भाभींनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडतायत की हसतायत, मला कळलं नाही. मला स्वतःचंही कळत नव्हतं.

पण मग सरांना खरी भीती आठवली. त्यांचा चेहरा उतरला. "बाई, लोक काय म्हणतील?" ते मला म्हणाले. "निजामाच्या दफ्तरातला माणूस होता, त्यानं मुद्दाम फौजेचं जनावर माघारी फिरवलं, असंच म्हणतील ना?" मी म्हटलं, असं कोण म्हणेल. म्हटलं खरं, पण कोण कोण म्हणेल ते मला माहीत होतं आणि त्यांनाही. बडेमियाँनी कापडाची गुंडाळी काखेत मारली. "चल," ते म्हणाले. "दोनों जाते. कोई बोलने के पहले हम बोलते."

पुढचं मला सुभेदारांनी सांगितलं. दोघं म्हातारे भाऊ छावणीच्या दफ्तरात जाऊन उभे राहिले आणि कप्तानसाहेबांसमोर कापड पसरून सगळं खरं सांगितलं. कप्तानसाहेबांनी बिल्ला डाव्या बाहीवर लावून बघितला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. परेड तोंडावर आलेली.

"मला काय सुचलं कुणास ठाऊक, बाई," सुभेदार म्हणाले. "म्या उचलला त्यो बिल्ला आन् सायबाच्या उजव्या बाहीवर ठिवला. म्हनलं, सायब, ह्या हातावर तर फुडंच चाललंय की! सायबानं बगितलं. मग लई हसला. म्हनला, सुभेदार, ह्ये उजव्या बाहीवर लावा. आन् डाव्या बाहीला दुसरं विणून घ्या. दोनी खांद्यांवर खेचर पायजे आता."

म्हणजे चूक केली म्हणून काम दुप्पट झालं. सरकारी खात्यात असं झालेलं मी तरी पुन्हा कधी पाहिलं नाही. डाव्या बाहीचे बिल्ले विणताना दोघं भाऊ मागाशी एकत्र बसले आणि प्रत्येक रांगेला इतकं बोलले की भाभींना म्हणे दुपारची झोप मिळेना. परेड नीट पार पडली. सफेदाला त्यानंतर कुणी काही सांगितलं नाही. ती बरेच दिवस उगाचच आंगणात बें बें करत असे.

त्यानंतर काही वर्षांनी पलटणीची बदली उत्तरेकडे झाली. माझ्याही हातात सोयगावच्या बदलीचा हुकूम पडला होता, सरांनी तोही खिडकीशी धरला होता. फक्त आता त्यांना कुठल्याच बाजूनं दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि ते ऑपरेशनला भीत होते. पलटण छावणीतून स्टेशनकडे पायी निघाली त्या सकाळी शाळेनं मुलांना रस्त्याच्या कडेला उभं केलं होतं. सर माझ्याजवळ होते, जवानांचा उजवा हात आमच्याकडे येईल अशा बाजूला. ती बाजू त्यांनी मुद्दाम मागून घेतली होती. चुकीची खेचरं माझी, असं ते घरून भावाला सांगून आले होते. बडेमियाँ रस्त्याच्या पलीकडे उभे होते, डाव्या बाहीची बघायला.

पुढं जवान होते आणि मागून खेचरांची लांब रांग. धुरळा उडाला. सरांनी माझ्याकडे तोंड वळवलं.

"बाई, तोंड कुठंय?"

"पुढं आहे, सर."

"सगळ्यांचं?"

मी एकेक बाही बघत गेले. सुभेदार सोनवणेही त्यांत होते, त्यांनी सरांकडे बघून मान लववली. सरांना ते दिसलं नाही, मी सांगितलं. "सगळ्यांचं पुढं आहे, सर. एकही मागं बघत नाही."

कानावरचा कुंचला त्यांनी काढला, हातात धरला आणि शेवटचं खेचर जाईपर्यंत ताठ उभे राहिले. रस्ता मोकळा झाला तसे पलीकडून बडेमियाँ दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "मुनीर! मेरे तरफ के सब सीधे जा रे!"

"मेरे भी, भाईजान!" सर ओरडले. त्यांचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. रांगेतली मुलंही वळून बघू लागली.

सरांना मी पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. बडेमियाँ रस्ता ओलांडून आले, त्यांनी सरांच्या करड्या कोटाची धुळीनं भरलेली बाही झटकली आणि तीच बाही धरून त्यांना घराकडे घेऊन गेले.